शाला नव्हे, शाळा म्हणा

आपल्या गावच्या शाळेत शिक्षक व्हायचं, असं तुम्ही ठरवलं असेल तर अभिनंदन. ही इच्छा फार जणांना होत नाही. ज्यांना होते त्यांची ती टिकू नये, याची सरकारपासून सोयऱ्यांपर्यंत सगळ्यांनी चोख व्यवस्था केलेली आहे. तरीही हट्ट असेल, तर मी सांगते तसं करत जा.

घरात ही गोष्ट आधी कोणाच्या कानावर घालायची ते नीट ठरवा. काकांना सांगितलंत तर ते म्हणतील, "मंग विमानतलावर भरती निंगली, तिचा फॉरम भरला का नाय?" आजीला सांगितलंत तर ती कडाकडा बोटं मोडून अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं म्हणेल, "आपले घरान मास्तर होनार! आपलेच शालेन!"

आजीचं हे वाक्य ऐकून ठेवा. गावची बोली ती हीच: शाला, फला, पानी, मास्तरीन. पुढची दोन वर्षं तुम्ही बी.एड. करणार म्हणजे मुख्यतः हे विसरणार आहात.

तुमचा दोष नाही. शहर वसवणारी सरकारी सिडको १९७० साली आली आणि ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहिली. त्यातल्या काही गावांच्या पाट्या वाचा: नेरूळ, रबाळे, तळवली, घणसोली. जिथे तिथे ळ, नाहीतर ण. गावात मात्र पिढ्यान्‌पिढ्या नेरूल, रबाले, तलवली, घनसोली. आपण आपल्याच गावाचं नाव आजवर चुकीचं घेत आलो, हे कळायला ठाण्याच्या कॉलेजात प्रवेश घ्यावा लागतो. (ठाण्यालाही आपण 'ठाना' म्हणतो, ते तिथे बोलू नका.)

प्रवेशासाठी आधी सीईटी द्या. मग घणसोलीहून सकाळची ट्रान्सहार्बर लोकल पकडा आणि ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या फलाटावर उतरून जिन्यावरच्या गर्दीत चेंगरत बाहेर या. वर्गनियंत्रणाचा पहिला धडा इथेच मिळतो: एवढ्या लोकांना कोणीही नियंत्रित करू शकत नाही. बी.एड. पूर्वी एका वर्षाचं होतं, २०१५ पासून दोन वर्षांचं झालं, आणि आता पुन्हा एका वर्षाचं करायची भाषा चालू आहे. एका वर्षात जे शिकवता येतं ते दोन वर्षांत का शिकवलं, असं विचारू नका. जिज्ञासा हा विद्यार्थ्याचा गुण आहे, छात्राध्यापकाचा, म्हणजे शिकाऊ शिक्षकाचा, नव्हे.

मग येतात सूक्ष्म पाठ. पाच-सहा मिनिटं शिकवायचं, तेही एकच कौशल्य पकडून. एक दिवस सज्जता प्रवर्तन, दुसऱ्या दिवशी चेतक बदल, तिसऱ्या दिवशी फलकलेखन. समोर विद्यार्थी म्हणून तुमचेच वर्गमित्र बसतात. त्यातल्या एकीला दोन मुलं असतात, तिच्या डब्याला उशीर झालेला असतो आणि ती पाचवीतली मुलगी होऊन हात वर करते. तुम्ही विचारता, "मुलांनो, झाडाला पाणी कोण घालतं?" ती म्हणते, "माळी, सर." तुम्ही म्हणता, "शाब्बास!" याला प्रबलन म्हणतात. खऱ्या वर्गात हा प्रश्न विचारलात तर उत्तर येतं, "झाड कुठंय?"

टाचणाच्या, म्हणजे पाठाच्या आधीच लिहायच्या आराखड्याच्या, वह्यांविषयी मी थोडक्यात सांगते, कारण त्या थोडक्यात लिहिता येत नाहीत. उद्दिष्टे आणि स्पष्टीकरणे, अध्यापक कृती, विद्यार्थी कृती, फलकलेखन, मूल्यमापन. विद्यार्थी कृतीच्या रकान्यात "विद्यार्थी उत्तर देतात" असं आदल्या रात्रीच लिहायचं असतं. उत्तर कोणतं, तेही लिहायचं. विद्यार्थ्यांनी दुसऱ्या दिवशी वेगळं उत्तर दिलं तर विद्यार्थी चुकले. जुन्या बॅचच्या वह्या मिळवून ठेवा, तारखा तेवढ्या बदला. कार्डशीट आणि स्केचपेनांचा खर्च घरी हप्त्याहप्त्याने सांगा.

आता मूळ मुद्द्याकडे. शैक्षणिक मानसशास्त्राच्या तासाला तुम्हाला अतिशय सुंदर गोष्टी शिकवल्या जातील. मूल घरून येतं ते कोरी पाटी घेऊन येत नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ वर्गातल्या अनेक भाषांना अडचण मानत नाही, साधन मानतो. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ शक्यतो मुलाच्या मातृभाषेतून शिकवा असं सांगतं. हे सगळं टिपून घ्या, परीक्षेत हमखास येतं. "बोलीभाषेचे वर्गातील स्थान स्पष्ट करा."

आणि त्याच आठवड्यात तुमचा सराव पाठ होईल. तुम्ही जीव ओतून शिकवाल, पोरं हसतील, बोलतील, पुढे सरकून बसतील. मागच्या बाकावर बसलेले मार्गदर्शक निरीक्षणाच्या कागदावर लाल शाईने लिहितील: "विषयज्ञान चांगले. उच्चार सुधारावेत. शाळा, फळा, पाणी." खाली दोन रेघा.

इथे एक धोका आहे, सावध करते. घरी जाऊन तुम्ही शब्दकोश उघडाल आणि तुम्हाला कळेल की शाळा हा शब्द आला 'शाला'वरून आणि फळा आला 'फलका'वरून. दहावीच्या परीक्षेला बोर्ड स्वतः 'शालान्त' म्हणतं. दुपारची खिचडी 'शालेय' पोषण आहाराची. सूक्ष्म पाठात तुमच्याकडून घोटून घेतलेल्या कौशल्याचं नावच 'फलक'लेखन. म्हणजे आजी बरोबर होती, असं ओरडावंसं वाटेल. ओरडू नका. अंतर्गत गुण ज्यांच्या हातात आहेत त्यांच्याशी व्युत्पत्तीवर वाद घालायचा नसतो. त्यापेक्षा कमी बोला. ज्या वाक्यात ळ किंवा ण येतो ते वाक्यच टाळा. मी पूर्ण एक सत्र 'शाळा' न म्हणता 'विद्यालय' म्हणून काढलं. सगळ्यांना वाटलं, बाई फार शुद्ध बोलतात.

आंतरवासितेचे, म्हणजे खऱ्या शाळेत जाऊन उमेदवारी करायचे, सोळा आठवडे हा या प्रवासातला सर्वांत आनंदाचा काळ. शाळेला तुम्ही फुकट मिळालेले असता आणि फुकटची वस्तू जपून वापरायची आपल्याकडे रीत नाही. रजेवरच्या बाईंचे ऑफ तास, स्नेहसंमेलनाची रांगोळी, गुणपत्रकांच्या बेरजा आणि चित्रकलेच्या सरांचा बाहेरून आणायचा वडापाव. यातून वेळ उरला तर शिकवताही येतं.

मग परीक्षा. पदवी मिळाली म्हणून शिकवता येतं असं समजू नका. टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, द्यावी लागते: दीडशे प्रश्न, दीडशे गुण, अडीच तास, खुल्या वर्गाला ९० हवेत. महाराष्ट्रात ती २०१३ पासून आहे. हल्ली परीक्षेला जाताना जरा नीट कपडे घाला, कारण शेजारच्या बाकावर तुमचेच चौथीचे गुरुजी असू शकतात. पाच वर्षांहून जास्त नोकरी उरलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितलंय. त्यांनी कधीकाळी तुम्हाला कॉपी करताना पकडलेलं असेल, तर आता नमस्कार करून मोकळे व्हा.

टीईटी झाली की भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी. दोनशे प्रश्न, एकशेवीस मिनिटं. एका प्रश्नाला छत्तीस सेकंद. मुलाला समजेपर्यंत धीर धरणाऱ्या माणसाची निवड करायची पद्धत ही. आणि ती रोज उठून होत नाही, घाबरू नका. डिसेंबर २०१७ मध्ये झाली, त्यानंतर थेट २०२३ उजाडलं, पुढची २०२५ मध्ये. मधल्या काळात लग्न, मुलं, दुकान, गणपतीच्या मखराची सीझनल ऑर्डर असं काहीही करता येतं. फक्त वय वाढू देऊ नका. खुल्या वर्गाला ३८ ची मर्यादा आहे.

एवढ्यात एक बारीकशी गोष्ट सांगायची राहिली. तुमच्या गावची शाळा पहिलीपासूनची असेल आणि तुम्हाला पहिलीच्याच पोरांना शिकवायचं असेल, तर बी.एड. उपयोगाचं नाही. २०१८ मध्ये सांगितलं की चालेल. लोकांनी ॲडमिशनी घेतल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नाही चालणार, पहिली ते पाचवीला डी.एड.च हवं. म्हणजे हल्लीचं डी.एल.एड. ज्यांनी डी.एड. बंद पडलं असं समजून बी.एड. केलं, त्यांनी खचून जाऊ नये. सहावीपासून वर बरीच मुलं असतात.

शेवटी शिक्षकभरतीचं सरकारी संकेतस्थळ, पवित्र पोर्टल. नावातच सगळं आलं. इथे प्राधान्यक्रम भरायचे आणि वाट बघायची. नशीब उघडलं तर जिल्हा परिषद मिळते, आणि ती गडचिरोलीची असू शकते. 'आपल्या माणसांत काम' करायला निघालेले तुम्ही हजारेक किलोमीटरवरच्या माणसांत पोहोचता, आणि आंतरजिल्हा बदलीचा अर्ज हाच तुमचा पुढचा अभ्यासक्रम. पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढायची. मानधन प्राथमिकला सोळा, माध्यमिकला अठरा, उच्च माध्यमिकला वीस हजार. २०२३ च्या आधी ते सहा, आठ आणि नऊ हजार होतं, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. 'सेवक' हा शब्द कोणी सुचवला ते ठाऊक नाही, पण मराठी उत्तम होतं त्याचं.

गावाजवळच राहायचं असेल तर खासगी संस्था आहेतच. मी स्वतः एका विनाअनुदानित शाळेत तासिका तत्त्वावर होते. तासाला पैसे. दिवाळीची सुट्टी म्हणजे शून्य तास, म्हणजे शून्य रुपये. मे महिन्याचं तर बोलायलाच नको. संस्थाचालक प्रेमळ होते. "तुम्ही आमच्या घरच्याच," म्हणायचे. घरच्यांना पगार देत नाहीत, हे मला उशिरा कळलं.

आणि समजा, सगळं जुळून आलं. देव पावला, गावदेवी पावली, तुम्ही खरोखर तुमच्याच गावच्या पालिकेच्या शाळेत लागलात. पहिल्या दिवशी वर्गात जाल आणि हजेरी घ्याल तेव्हा पाटील, म्हात्रे, भोईर, मढवी शोधाल. दोन सापडतील. गावातली बाकी पोरं गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावरच्या बिल्डिंगीतून पिवळ्या बसने इंग्लिश मीडियमला गेलेली असतात. पटावर आहेत ती जालन्याची, बीडची, गुलबर्ग्याची, गोंड्याची. आईबाप नाक्यावर किंवा एमआयडीसीत. 'आपला समाज' तो हाच, दचकू नका. तुमचं स्वतःचं मूल कुठल्या बसने जाईल, ते आत्ताच कोणाला सांगू नका.

शिकवायला वेळ कमी पडेल, त्याची काळजी नको. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं काम लावता येत नाही. निवडणूक म्हणजे मतदार यादी, यादी म्हणजे बीएलओ, घरोघर जाऊन ती तपासणारा माणूस, आणि बीएलओ म्हणजे दुपारी चार मजले. जानेवारी २०२४ मध्ये मराठा सर्वेक्षणालाही शिक्षक दारोदार गेलेच होते. फॉर्म भरताना उच्चार शुद्ध लागत नाहीत, एवढं सुख.

तर असे तुम्ही बसलेले. टेबलावर हजेरीपट, मोबाइलवर माहिती भरायची लिंक, मुख्याध्यापकांचा दोनदा फोन. पहिल्या बाकावरून एक मुलगी उठते. गावातलीच, तुमच्याच आळीतली, त्या दोनांपैकी एक. विचारते, "टीचर, फला पुसू?"

तुम्ही मान वर न करता सांगा, "फला नाही. फळा."

ती एकदा मनातल्या मनात म्हणून बघेल. मग काही न बोलता डस्टर उचलेल.