पाच पायऱ्यांचा हिशोब पटला नाही
दुःखावरच्या या लेखात म्हटलंय की माणूस गेल्यावर घरचे नकार, राग, सौदेबाजी (म्हणजे देवाशी, नशिबाशी घासाघीस), नैराश्य आणि स्वीकार या पाच पायऱ्या एकामागून एक चढतात. हे काही पटलं नाही. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये हे मांडलं ते मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून, मागे राहिलेल्यांना ते नंतर लावलं गेलं, आणि सगळ्यांना याच क्रमाने जावं लागतं असं नाही हे पुढे त्यांनीही सांगितलंय.

सासूबाईंचं शेवटचं आजारपण मी घरीच काढलं, त्या असतानाच माझं अर्धंअधिक रडून झालं होतं. शेवटी खाणं सुटलं तर येणारा-जाणारा म्हणायचा दोन घास भरव गं, उपाशी ठेवू नकोस, पण गिळताच येत नसताना बळजबरीने भरवलेलं श्वासनलिकेत जाऊ शकतं हे नर्सने नीट समजावलं म्हणून बरं, मग ओल्या स्पंजने तोंड आतून पुसायचं, ओठ कोरडे पडू द्यायचे नाहीत, बास. त्या गेल्या तेव्हा पहिलं मनात आलं ते सुटल्या बिचाऱ्या, आणि खरं सांगू, मीही सुटले. आता ही पायरी कितवी? राग आला तो कितीतरी महिन्यांनी, औषधांचा डबा आवरताना, आणि निघाला बिचाऱ्या नवऱ्यावर! असलं वाचून लोक उगाच स्वतःला तपासत बसतात की आपल्याला अजून रडू कसं येत नाही. त्यापेक्षा या सुटल्यासारखं वाटण्यावर दोन ओळी लिहायला हव्या होत्या, सेवा करणाऱ्या कितीतरी जणांना ते वाटतं पण चारचौघांत बोलायची सोय नाही.