पारदर्शकतेची वार्षिक देखभाल

आपण पुण्यात जलशुद्धीकरण यंत्रे विकण्याची आणि त्यांची देखभाल करण्याची छोटी कंपनी काढली आहे, गाळा भाड्याने घेतला आहे, दुचाकीवाले चार तंत्रज्ञ नेमले आहेत आणि जीएसटी क्रमांकही मिळवला आहे. आता केवळ मूल्ये ठरवणे बाकी आहे. हे काम दुपारच्या जेवणानंतर उरकावे, कारण त्या वेळी कोणी कशालाच विरोध करत नाही. प्रामाणिकता, पारदर्शकता, ग्राहकहित आणि सातत्य हे चार शब्द पुरेसे आहेत. गुहागरकरांना दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे जिचे नाव अजून आठवते, त्या एन्रॉन कंपनीनेही आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता असे चारच शब्द निवडले होते, आणि डिसेंबर २००१ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा भागधारकांपासून कर्मचाऱ्यांपर्यंत सर्वांना धक्का बसला, मूल्यांना मात्र ओरखडाही उठला नाही.

या मूल्यांचा फलक भिंतीवर लावावा आणि त्याशेजारी ‘ग्राहक हा आपल्या दारी येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा आहे’ या आशयाचे, गांधीजींच्या नावाने फिरणारे वाक्यही लावावे. अभ्यासकांना ते त्यांच्या लेखनात सापडलेले नाही. परंतु प्रामाणिकतेचा एक फलक भिंतीवर आधीच असताना दुसऱ्याकडूनही तीच अपेक्षा ठेवणे हा अतिरेक होय.

यानंतर वर्षाचे नियोजन करावे आणि त्यात पारदर्शकतेला अग्रस्थान द्यावे. तिचे प्रात्यक्षिक ग्राहकाच्या ओट्यावरच होते. दोन पेल्यांपैकी एकात नळाचे आणि दुसऱ्यात आपल्या आरओ, म्हणजे पाणी बारीक पडद्यातून दाबून क्षार काढणाऱ्या, यंत्राचे पाणी घ्यावे, दोन्हींत लोखंडी सळ्यांचे उपकरण बुडवावे आणि वीज सुरू करावी. नळाच्या पाण्यात क्षार असल्यामुळे त्यातून प्रवाह वाहतो, सळ्यांचे लोखंड झिजते आणि पेल्यात तपकिरी, हिरवट साका जमतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसल्यामुळे तेथे काहीच घडत नाही. तो साका पाण्यातला नसून आपल्याच सळ्यांचा आहे, हे सांगण्याची आवश्यकता नाही, कारण पेला काचेचा आहे आणि ग्राहकाला सर्व काही स्वच्छ दिसतच आहे. घरात रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक असतील तर मात्र प्रयोग आटोपता घ्यावा. ते आपल्या शुद्ध पाण्यात चिमूटभर मीठ टाकतील आणि तेही तितकेच तपकिरी होईल.

ग्राहकहिताचे प्रकरण थोडे खर्चिक आहे. पिण्याच्या पाण्यातील विरघळलेल्या क्षारांसाठी भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे. त्याहून कमी क्षार असतील तेथे आरओवर बंदी घालावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सांगितले होते, आणि खडकवासल्याहून येणारे पाणी मुळातच गोडे आहे. अशा घरात आपले यंत्र लिटरभर पाणी शुद्ध करताना अनेकदा दोन-तीन लिटर मोरीत सोडते. ग्राहकहित खरोखरच नियोजनात धरायचे, तर विरघळलेले क्षार मोजणारा पेनाएवढा टीडीएस मीटर तंत्रज्ञाच्या खिशात द्यावा लागेल आणि ‘काकू, तुम्हाला हे यंत्र लागत नाही, किरणांनी जंतू मारणारे साधे यूव्हीचे पुरेल’ असे म्हणणाऱ्या मुलाचा पगार त्या महिन्यातही पूर्ण द्यावा लागेल. म्हणून विक्रीचे लक्ष्य आरओच्या नगांत ठरवावे, मेम्ब्रेन (आरओचा पडदा) आणि एएमसीचे, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचे, उत्पन्न त्याखाली लिहावे आणि ग्राहकहितापुढे शून्य मांडावे. शून्याने बेरीज बिघडत नाही. बोअरवेलच्या आणि टँकरच्या जड पाण्यावर दिवस काढणाऱ्या उपनगरांत आरओ खरोखरच उपयोगी पडू शकते, ही थोडी अडचणीची बाब आहे, परंतु तेथेही मीटर न लावता विकले की धोरणातील एकसूत्रता टिकते.

सेवेचे नियोजन पावसाळ्यात करू नये, कारण त्या वेळी सेवाच द्यावी लागते. जुलैत धरणांत गढूळ पाणी येते, फिल्टर तुंबतात आणि फोन वाजू लागतात; दरवर्षी ठरलेल्या महिन्यात घडणाऱ्या या घटनेला आपण दरवर्षी ‘अनपेक्षित’ म्हणावे, त्यातच सातत्य आहे. विचारणा करणाऱ्याला ‘माणूस निघालाच आहे’ असे सांगावे आणि तो निघण्यापूर्वी तक्रार निवारणाचा संदेश पाठवून अभिप्रायासाठी पाच तारे मागावेत.

पावतीवर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य छापावे. पावतीवर मुदत दिलेली नसेल तर सदोष वस्तू ३० दिवसांच्या आत परत घेण्यास आणि पैसे परत करण्यास नकार देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते, हे खरे. तथापि पावतीच दिली नाही तर हा प्रश्न उद्भवत नाही, असे आपल्याला वाटेल. दुर्दैवाने पावती न देणे हीही त्याच कायद्यात अनुचित प्रथाच आहे, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक इतका सोपा आहे की तो विसरण्याची सोयही ग्राहकाला ठेवलेली नाही. यंत्रावरचे आपल्या फोन क्रमांकाचे स्टिकर मोठे असावे, इतकेच सुचवतो.

आपल्या कार्यालयात पाण्यासाठी मात्र माठच ठेवावा. तंत्रज्ञांना नळाचे पाणी चालते, कारण त्यांनी ते मीटरने मोजलेले असते. फक्त तो माठ फलकाच्या बरोबर खाली येणार नाही, एवढे पाहावे.