स्टेडियमबाहेरही बघा

अमेरिकेतल्या शाळांच्या मार्चिंग बँडवरचा (चालत वाजवणारी पथकं) लेख आवडला, पण सगळी यादी इंडियानापोलिसच्या स्टेडियममधल्या स्पर्धांचीच झाली. कार्मेल, एव्हन, ब्रोकन ॲरो ही शाळांची नावं हवीतच, वाद नाही. माझ्या डोक्यात मात्र अजून २०१८ ची रोझ परेड, म्हणजे कॅलिफोर्नियातली नववर्षाची मिरवणूक, वाजते. पॅसाडेनात १ जानेवारीला थंडीत कुडकुडत उभे होतो आणि जपानच्या क्योतो ताचिबाना शाळेची नारिंगी पलटण आली.

मैदानावरचा शो आठ-दहा मिनिटांचा, तोही वरून बघायचा. इथे जवळपास ९ किलोमीटर चालायचं, वाजवायचं आणि वर नाचायचं! ओठांना माउथपीस लावून उड्या मारणं म्हणजे काय, हे कधी ट्रम्पेट हातात धरलेल्यालाच कळेल. धक्का बसला की सूर फाटतो, दातही दुखावतात. तरी ‘सिंग सिंग सिंग’ ही जॅझची धून सुरू झाली आणि एक सूर हलला नाही. सूसाफोनवाली पोरं (बहुतेक पोरीच!) अंगाभोवती त्या फुंकवाद्याचं भलंमोठं वेटोळं घालून कंबर हलवत होती. आम्ही ढोल-ताशा पथकात दोन चौकांत घामाघूम व्हायचो, ते आठवून हसूच आलं.

हीच शाळा २०१२ मध्येही तिथे आली होती आणि २०२५ ला पुन्हा आली. यूट्यूबवर तिन्ही सापडतील. टीव्हीवरचं चित्रण मात्र टाळा, निवेदक मध्येच बडबडतात. फुटपाथवरून कोणीतरी फोनवर काढलेलं बघा, त्यात बुटांचा आवाजसुद्धा येतो.