सात वर्षं वेगळं राहिलं म्हणून लग्न मोडत नाही

व्हॉट्सॲपवर एक ‘कायदेशीर माहिती’ पुन्हा फिरू लागली आहे. तिच्यातले दावे असे: नवरा-बायको सात वर्षं वेगळे राहिले की आपोआप घटस्फोट होतो, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर दोघांनी सह्या करून नोटरी केली तरी लग्न संपतं, न्यायिक विभक्ततेचा, म्हणजे लग्न न मोडता वेगळं राहण्याचा, न्यायालयाचा हुकूम मिळाला की दुसरं लग्न करायला मोकळीक, आणि ‘पोटगी नको’ असं लिहून घेतलं की विषय कायमचा मिटला. इथलं उत्तर हिंदू विवाह कायदा, 1955 धरून आहे. तो बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे.

सात वर्षांचा आकडा हवेतून आलेला नाही. कायद्याच्या कलम 13 मध्ये घटस्फोटाची जी कारणं दिली आहेत, त्यांत एक असं की जोडीदार जिवंत असल्याचं सात वर्षं कुणाच्याही कानावर आलेलं नाही, म्हणजे ज्यांना एरवी कळलं असतं त्यांच्याही नाही. हे बेपत्ता माणसाबद्दल आहे. ज्याचे वाढदिवसाचे फोटो स्टेटसला दिसतात तो बेपत्ता नव्हे! आणि खरोखर बेपत्ता असला तरी ते फक्त अर्ज करण्याचं कारण ठरतं. हुकूमनामा न्यायालयाकडूनच घ्यावा लागतो. वेगळं राहण्याचाच मुद्दा असेल तर सात वर्षं थांबायची गरजही नाही. जोडीदार विनाकारण सोडून गेला असेल तर दोन वर्षांनी अर्ज करता येतो. संमतीने घटस्फोट हवा असेल तर एक वर्ष वेगळं राहिलेलं पुरतं.

नोटरीचा दावा सर्वांत घातक आहे, कारण हातात शिक्क्याचा कागद असला की माणूस निर्धास्त होतो. नोटरी सह्या झाल्याची खातरजमा करतो, लग्न मोडण्याचा अधिकार त्याला नाही. काही समाजांत काडीमोडीची रूढी आहे आणि कलम 29 ती राखून ठेवतं, हे खरं. पण ती रूढी जुनी आणि सतत चालत आलेली आहे हे पुराव्यानं सिद्ध करावं लागतं, तेही ऐन भांडणात. तो पुरावा टिकला नाही तर पहिलं लग्न कायम राहतं, दुसरं शून्य ठरतं आणि तक्रार झाल्यास द्विभार्या गुन्ह्याचं कलम लागतं: पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं 494, आता भारतीय न्याय संहितेचं 82, शिक्षा सात वर्षांपर्यंत. दुसऱ्या लग्नाची मुलं कलम 16 मुळे औरस ठरतात. त्यांच्या आईला मात्र पत्नीचा दर्जा मिळत नाही, आणि बहुतेकदा त्या कागदावर विसंबून लग्नाला उभी राहिलेली तीच असते.

दोघं राजी असतील तर सरळ वाट कलम 13-ब ची आहे. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं म्हणून लोक नोटरीकडे वळतात. पण हा काळ योग्य प्रकरणात माफ करता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्येच अमरदीप सिंग प्रकरणात सांगितलं आहे.

न्यायिक विभक्ततेत एकत्र नांदण्याचं बंधन सुटतं, लग्न तसंच राहतं. हुकुमानंतर वर्षभर सहवास सुरू झाला नाही तर दोघांपैकी कुणीही घटस्फोट मागू शकतं. पण तो मागावा लागतो.

राहिली पोटगी. खासगी कागदावर ‘हक्क सोडला’ असं लिहिलं म्हणून न्यायालयाचं दार बंद होत नाही. घटस्फोटित आणि पुनर्विवाह न केलेली, स्वतःचा निर्वाह करू न शकणारी स्त्रीसुद्धा पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली, म्हणजे आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली, पोटगीसाठी अर्ज करू शकते. मुलांच्या पोटगीचा हक्क तर मुलांचा आहे. आईनं तो सोडून देण्याचा प्रश्नच येत नाही. त्याच संदेशात ‘पोटगी फक्त बायकोला’ अशीही एक ओळ आहे. हिंदू विवाह कायद्याची कलमं 24 आणि 25 नवऱ्यालाही मागण्याची मुभा देतात.