‘स्क्रू आवळला की झालं’ म्हणणाऱ्या वाचकांस

जुन्या लष्करी रायफलच्या सैल साइट्स (नेम धरायच्या खुणा; पुढची ती फोरसाइट) आणि बॉडीच्या, म्हणजे नळी जिथं बसते त्या लोखंडी भागाच्या, लाकडातल्या बसणीवर मी लिहिलेल्या लेखाखाली एका वाचकांनी लिहिलंय: “काका, पुढचा स्क्रू गच्च आवळला की झालं. फोरसाइटला लॉकटाइटचा गोंद, बाकीला एपॉक्सी. आपल्या कोल्हापूरचा पोरगा ऑलिंपिकचं मेडल आणतो आणि तुम्ही १९०७ मध्येच अडकलाय. कशाला हे चऱ्हाट?”

चऱ्हाट तर चऱ्हाट. पण ‘काका’ म्हणायचं आणि लगेच टपली मारायची, ही कुठली रीत? पलटणीत आर्मररच्या, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्याच्या, हाताखाली होतो तेव्हा असं बोललो असतो, तर उस्तादानं कानस काढून घेऊन हातात झाडू दिला असता. मतभेद असू देत की. पण जरा अदब?

आता तुमचा स्क्रू. शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड, म्हणजे तुमची ती १९०७ ची .३०३ रायफल. तिच्या ट्रिगर गार्डचा पुढचा स्क्रू एका कॉलरमधून, म्हणजे छोट्या धातूच्या नळकांड्यातून, जातो. लाकूड चेपू नये म्हणूनच तो कॉलर. आपल्याकडे पावसाळ्यात फुगलेलं लाकूड चैत्र-वैशाखात आकसतं. मग तुम्ही आवळत राहता, कॉलर बॉडी आणि गार्डच्या मध्ये टेकतो, स्क्रू गच्च लागतो आणि लाकूड आत मोकळंच राहतं. हाताला घट्ट, प्रत्यक्षात सैल! काही महाभाग मग कॉलरच काढून फेकतात आणि लाकूड चेपून ठेवतात. तशा रायफली मी दुरुस्त केल्यात, म्हणून सांगतोय.

शिवाय गोळी सुटल्याचा धक्का स्क्रू घेतच नाही. तो घेतात लाकडातले दोन टेकू, ज्यांना आर्मरर ‘ड्रॉज’ म्हणतात. ते झिजले की प्रत्येक फैरीला बॉडी मागे सरकते आणि लाकडाची मागची कड दस्त्याच्या लोखंडी सॉकेटवर आदळून फुटते. ऑस्ट्रेलियात लिथगोच्या कारखान्यानं लाकूड मऊ म्हणून याच जागी तांब्याच्या पट्ट्या घातल्या होत्या. त्यांनाही चऱ्हाटाची हौस होती म्हणायची. यावर उपाय एकच: रेषा जुळवून कठीण लाकडाचा तुकडा बसवायचा, बॉडीला काजळ लावून टेकवायची, डाग पडेल तिथंच घासायचं, दोन्ही बाजूंचा डाग सारखा येईस्तोवर. दिवस जातो. जाऊ दे.

आणि हो, आवळायच्या भरात दस्त्याचा बोल्ट आधी फिरवू नका. त्याचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड न उतरवता फिरवलात तर ते उभं चिरतं. हे मूळ लेखात होतं. वाचलं असतं तर बरं झालं असतं.

लॉकटाइटचं एवढं मान्य: फोरसाइटचं पातं डव्हटेलमध्ये, म्हणजे त्याच्या तिरक्या खाचेत, मुळातच घट्ट असेल, तर खात्रीसाठी थेंब टाका, माझी ना नाही. पण डुलतंय काय, पातं की नळीवर चावी आणि पिनेनं बसवलेला ब्लॉक, हे आधी बघणार की नाही? दोन साइट्समध्ये जेमतेम अर्धा मीटर अंतर. पातं एक मिलिमीटर सरकलं की १०० मीटरवर गोळी २० सेंटिमीटर बाजूला. गोंदानं ते चुकीच्या जागी पक्कं झालं तर काय मिळवलंत?

एपॉक्सीवर पुन्हा कधीतरी. आज नाही.

राहिला ऑलिंपिकचा टोमणा. २०२४ ला स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ जिंकलं त्याचा अभिमान मलाही आहे. पण भावा, ती .२२ ची स्पर्धेची रायफल. तिच्या धक्क्याची .३०३ च्या धक्क्याशी तुलना करणाऱ्यानं दुसऱ्याला शिकवू नये.

तुमच्याकडे परवान्याची, इशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ रायफल असेल आणि तीही डुलत असेल, तर घरी उचकटू नका. परवाना घेऊन आमच्या दुकानात या. चहा पाजीन, मजुरी पूर्ण घेईन.