एकच ठिपका म्हणजे शुद्ध?

लेख आवडला, पण ‘टीएलसी प्लेटवर एकच ठिपका आला की पदार्थ शुद्ध समजावा’ हे वाक्य खटकलं. (टीएलसी म्हणजे पातळ थराच्या प्लेटवर सॉल्व्हंट, म्हणजे द्रावक, चढवून मिश्रणातले घटक वेगळे करायची चाचणी.) मी बडोद्याचा, नंदेसरीच्या एका कारखान्यात क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला आहे. नवा होतो तेव्हा यूव्ही दिव्याखाली असाच एकुलता एक गोल ठिपका बघून आम्ही खुशीत शेव-उसळ खायला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी प्रोटॉन एनएमआर, म्हणजे रेणूतले हायड्रोजन कुठे-कसे आहेत ते दाखवणारा आलेख, हातात आला: १.२६ पीपीएमला ट्रिप्लेट (तीन टोकांचं शिखर), २.०५ ला सिंग्लेट (एका टोकाचं), ४.१२ ला क्वार्टेट (चार टोकांचं). सरळसरळ इथाइल ॲसिटेट! कॉलममधून पदार्थ शुद्ध करताना वापरलेलं हे सॉल्व्हंट नीट उडवलंच नव्हतं. प्लेटवर ते दिसणार कसं? ते आधीच वाळून जातं, शिवाय यूव्ही दिव्याचा २५४ नॅनोमीटरचा प्रकाश ते शोषत नाही, म्हणून ठिपका उमटत नाही. दोन आयसोमर (तेच अणू, पण रचना वेगळी) बरोबरीने वर चढले तरी ठिपका एकच दिसतो. मग प्लेटवर चढवायच्या सॉल्व्हंट-मिश्रणाचं प्रमाण बदलून बघावं लागतं.

आणि विद्यार्थ्यांनो, एनएमआरसाठी नमुना विरघळवायला ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्म (हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेलं) वापरलं असेल तर ७.२६ च्या पीकला (शिखराला) घाबरू नका. त्यात उरलेल्या साध्या क्लोरोफॉर्मचा तो पीक. आमच्याकडच्या एका ट्रेनीने तो बेंझिन रिंगचा समजून रचनेत बसवायला अख्खी दुपार घालवली होती.