जखमी पक्ष्याला ‘पाणी पाजा, पंख बांधा, उडाला की सोडा’? नको!

जखमी पक्षी सापडला तर काय करावं, याचा एक मेसेज कायम फिरत असतो: चोच उघडून पाणी घाला, दुधात भिजवलेला पाव भरवा, मोडका पंख अंगाशी घट्ट बांधा, खोलीत उडू लागला की सोडून द्या. हेतू चांगला आहे, पण चारही सूचना पक्ष्याच्या जिवावर बेतू शकतात.

आधी पाणी. पक्ष्याची श्वासनलिका जिभेच्या मुळाशीच उघडते. अर्धवट शुद्धीतल्या पक्ष्याच्या चोचीत पाणी सोडलं की ते सरळ श्वासनलिकेत उतरतं. बचाव केंद्रात द्रव देतात, पण 38-39 अंशांपर्यंत कोमट करून, त्वचेखाली सुईने. पक्षी मान सावरून धरत असेल तरच नळीने अन्नपिशवीत. रोजची गरज किलोमागे साधारण 50 मिली, म्हणजे 100 ग्रॅमच्या पक्ष्याला 5 मिली. झालेली तूट भरायची ती वेगळी.

दूध-पाव तर नकोच. पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही. शिवाय क्रमही उलटा आहे. आधी ऊब, मग द्रव, अन्न शेवटी. एरवी 40-42 अंश असणारं अंग गार पडलं की पचन मंदावतं आणि भरवलेलं अन्नपिशवीतच आंबतं. पार खंगलेल्या पक्ष्याला भरपेट खाऊ घातलं, तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम घसरून तो त्यानेच दगावू शकतो. ऊब द्यायची ती बंद, अंधाऱ्या खोक्याच्या अर्ध्याच भागाला, म्हणजे उकडलं तर त्याला सरकता येतं. चोच उघडी ठेवून धापा टाकू लागला, तर ऊब जास्त झाली. टॉवेल अंथरू नका, त्याच्या फासांत नख्या अडकतात.

मांजराचा तर मेसेजमध्ये उल्लेखच नाही! दाताची जखम टाचणीच्या टोकाएवढी, पिसांखाली दिसतही नाही. पण मांजराच्या तोंडातले पाश्चुरेला जिवाणू रक्तात भिनले की एक-दोन दिवसांत खेळ संपतो. म्हणून असा पक्षी ठणठणीत दिसला तरी लगेच प्रतिजैविक सुरू करावं लागतं.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते पंख बांधण्यात. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड हललं तरच श्वास चालतो. घट्ट आवळलं की तो गुदमरतो. कोपराच्या पुढचं हाड मोडलं असेल तर फक्त पंखाभोवती, आठच्या आकड्यासारखी पट्टी पुरते. दंडाचं हाड असेल तर अंगाभोवतीही सैल फेरा लागतो, आणि बऱ्याचदा शस्त्रक्रिया करून हाडात पिन घालावी लागते. हाड साधारण 2-3 आठवड्यांत जुळतं. मात्र तेवढे दिवस पट्टी सोडलीच नाही, तर खांदा ते मनगट ताणलेला त्वचेचा पडदा आखडतो आणि पंख पुन्हा पूर्ण उघडत नाही. त्यासाठी मधूनमधून पट्टी सोडून, बहुधा भूल देऊन, पंख हलकेच ताणून घेतात. सांध्यालगतचा मोड जुळला तरी सांधा जखडतो. तिथे सुटकेची आशा कमीच.

राहिली सुटका. खोलीत चार फडफडी मारणं म्हणजे उडणं नव्हे. बांधून ठेवलेल्या पक्ष्याचे छातीचे स्नायू झपाट्याने उतरतात. मोठ्या उड्डाण-पिंजऱ्यात तो खालून वर चढतो का, वळताना एका बाजूला कलतो का, हव्या त्या दांड्यावर नेमका उतरतो का आणि लागोपाठच्या फेऱ्यांनंतर किती वेळ धापा टाकतो, हे बघतात. अंगावर पाणी शिंपडल्यावर थेंब ओघळून गेले पाहिजेत; पिसं भिजत असतील तर थांबायचं. उड्डाणपिसं तुटली असतील, तर त्याच जातीच्या पक्ष्याचं, त्याच जागेचं गळलेलं पीस पोकळ देठात बारीक काडी घालून चिकटवतात, नाहीतर नवीन पिसं येईपर्यंत वाट बघतात.